वळवलेल्या ग्राफीनचा चर्न अंक काढताना: टप्पे, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

वळवलेल्या द्विस्तरीय ग्राफीनच्या (दोन थर एकमेकांवर थोड्या कोनात फिरवून ठेवलेल्या ग्राफीनच्या) सपाट बँडचा (ज्यात ऊर्जा जवळजवळ बदलत नाही अशा बँडचा) चर्न अंक, म्हणजे बँडची टोपॉलॉजी सांगणारा पूर्णांक, काढणारा कोड आता कुणीही दोन दिवसांत लिहितो. अडचण कोड लिहिण्यात नाही, उत्तरावर विश्वास ठेवण्यात आहे. ग्रिडवरची जी पद्धत सगळे वापरतात (फुकुई, हात्सुगाई आणि सुझुकी, २००५), तिच्या रचनेमुळेच उत्तर नेहमी पूर्णांक येतं. हॅमिल्टोनियन चुकलेलं असो, शेजारच्या बँडपासून गॅप (ऊर्जेचं अंतर) नसो, ग्रिड विरळ असो, स्क्रीनवर ०, १ किंवा -१ असंच काहीतरी दिसणार. आकडा नीटनेटका आला म्हणून विद्यार्थी पुढे जातात आणि चूक थेट प्रबंधात उतरते.

म्हणून इथे चर्न अंक सहाव्या टप्प्यावर येतो. त्याआधीचं सगळं काम तो अंक विश्वासार्ह करण्यासाठी आहे. टाइट-बाइंडिंग, ब्लॉख अवस्था आणि पायथन यांची ओळख आहे असं गृहीत धरलंय. मॉडेल बिस्ट्रिट्झर-मॅकडोनाल्ड यांचं (२०११), एका व्हॅलीसाठी (ग्राफीनच्या ब्रिलुआँ झोनच्या दोन वेगळ्या कोपऱ्यांपैकी एकाभोवतीच्या अवस्था) आणि एका स्पिनसाठी.

टप्पा १: आकडे एकाच ठिकाणचे घ्या

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक इथेच होते. एका पेपरातला फर्मी वेग, दुसऱ्यातली थरांमधली जोडणी आणि तिसऱ्यातला मॅजिक अँगल (ज्या कोनावर बँड सपाट होतात तो) असं एकत्र केलं की बँड सपाट होत नाही, आणि मग कोडमध्ये नसलेली चूक शोधत आठवडा जातो.

मी कोशिनो आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या कामातला संच सुचवतो. ग्राफीनचा जालक स्थिरांक ०.२४६ नॅनोमीटर. फर्मी वेग गुणिले एच-बार ५२५.३ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट-नॅनोमीटर (पुढे ‘मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट’ला ‘मेव्ह’ म्हणतो). एए जोडणी (दोन थरांतल्या सारख्या सबलॅटिसमधली; सबलॅटिस म्हणजे ग्राफीनच्या दोन प्रकारच्या अणुजागांपैकी एक) ७९.७ मेव्ह, एबी जोडणी (वेगवेगळ्या सबलॅटिसमधली) ९७.५ मेव्ह. दोन जोडण्या सारख्या नाहीत, कारण खऱ्या नमुन्यात अणू थोडे सरकतात: एए भाग (जिथे अणू बरोबर अणूंवर येतात) आक्रसतो, एबी भाग पसरतो. मूळ मॉडेलमध्ये दोन्ही सारख्याच होत्या. तसं ठेवलंत तर मॅजिक अँगलजवळ सपाट बँड आणि शेजारचे बँड यांच्यातला गॅप जवळजवळ राहतच नाही, आणि गॅप नसेल तर पुढचं सगळं निरर्थक.

सरमिसळीचा परिणाम किती होतो ते पाहा. महत्त्वाची राशी एकच: एबी जोडणी भागिले (एच-बार × वेग × दोन थरांच्या के-बिंदूंमधलं, म्हणजे ब्रिलुआँ झोनच्या कोपऱ्यांमधलं, अंतर). एए जोडणी शून्य धरली तर ही राशी ०.५८६ झाल्यावर पहिला मॅजिक अँगल येतो. वरच्या संचातून तो १.०७ अंशांच्या आसपास येतो. पण जोडणी ११० मेव्ह आणि वेग सेकंदाला दहा लाख मीटर (म्हणजे ६५८ मेव्ह-नॅनोमीटर) घेतला की तोच कोन ०.९६ अंशांवर घसरतो. मॉडेल तेच, कोडही तोच, तरी एक दशांश अंशाचा फरक.

*तपासा:* कोन १.०५ अंश ठेवल्यावर मोआरे आवर्तन (थर वळवल्यावर उमटणाऱ्या मोठ्या नक्षीची पुनरावृत्तीची लांबी) १३.४ नॅनोमीटर आणि के-बिंदूंमधलं अंतर ०.३१२ प्रति नॅनोमीटर आलं पाहिजे. भलताच आकडा आला तर अंशांचं रेडियन करायचं राहिलंय.

टप्पा २: चर्न अंकाचा कोड आधी साध्या मॉडेलवर चालवा

ग्राफीनचं मॉडेल आणि चर्न अंकाचं फंक्शन एकाच वेळी नवं लिहून एकत्र तपासू नका. उत्तर चुकलं की दोष कुणाचा ते कळतच नाही.

चर्नचं फंक्शन आधी हाल्डेनच्या १९८८ च्या मॉडेलवर चालवा. शेजारची उडी १, दुसऱ्या शेजाऱ्याची उडी ०.१, फेज ९० अंश. सबलॅटिसमधला फरक शून्य असताना खालच्या बँडचा अंक १ किंवा -१ आला पाहिजे. हा फरक ०.५२ च्या वर नेला की अंक ० व्हायला हवा, कारण सीमा तीन गुणिले वर्गमूळ तीन गुणिले ०.१, म्हणजे ०.५२० जवळ आहे. ०.५१ आणि ०.५३ अशा दोन्ही बाजूंना चालवून पाहा. सीमेजवळ गॅप बारीक होतो आणि विरळ ग्रिड तिथेच फसतं. किती दाट ग्रिड लागेल याचा अंदाज इथे फुकटात मिळतो.

टप्पा ३: जाळी मांडा

मोआरे ब्रिलुआँ झोनचा गॅमा बिंदू मूळबिंदू धरा. तीन उडी-सदिश घ्या, प्रत्येकाची लांबी वरची ०.३१२. पहिला सरळ खाली (उणे ९० अंश), दुसरा ३० अंशांवर, तिसरा १५० अंशांवर. दुसऱ्यातून पहिला वजा केला की व्यस्त सदिश बी१, तिसऱ्यातून पहिला वजा केला की बी२.

आता जाळीबिंदू. पहिल्या थराचे बिंदू म्हणजे पहिला उडी-सदिश अधिक बी१, बी२ च्या पूर्णांक पटी. दुसऱ्या थरासाठी तेच, फक्त पहिल्या उडी-सदिशाचं चिन्ह उलटं. दोन्ही मिळून मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी होते: तिची एक उपजाळी एका थराची, दुसरी दुसऱ्याची.

किती बिंदू ठेवायचे? मूळबिंदूभोवती वर्तुळ काढा आणि आतले सगळे बिंदू घ्या. त्रिज्या व्यस्त सदिशाच्या पाचपट ठेवली तर दर थराला नव्वदच्या आसपास बिंदू मिळतात, प्रत्येकावर दोन सबलॅटिस, म्हणजे मॅट्रिक्स साधारण ३६० × ३६०. साध्या लॅपटॉपला हे काहीच नाही.

*इशारा:* दोन पूर्णांकांवर वेगवेगळी मर्यादा घालून समांतरभुज चौकोन कापू नका. त्याने १२० अंशांची सममिती मोडते आणि बँडमध्ये बारीक, खोटे फरक दिसू लागतात. दोन्ही थरांच्या बिंदूंची संख्या सारखी आली नाही तर वर्तुळाचं केंद्र चुकलंय.

टप्पा ४: मॅट्रिक्स भरा आणि तीन वेळा तपासा

कर्णावर प्रत्येक जाळीबिंदूसाठी डिरॅक ठोकळा येतो: वेग गुणिले सिग्मा-सदिश गुणिले (के वजा जाळीबिंदू). दोन्ही थरांसाठी हा ठोकळा सारखाच असतो. एका व्हॅलीत दोन्ही थरांच्या डिरॅक शंकूंचं वळण एकाच दिशेचं असतं. एका थराला सिग्मा-वाय उलट्या चिन्हाने देणं ही इथली सगळ्यात घातक चूक आहे. कोड चालतो, बँड बरे दिसतात, पण टोपॉलॉजी संपूर्ण बदललेली असते.

कर्णाबाहेर, वेगळ्या थरांतल्या दोन बिंदूंमधला फरक एखाद्या उडी-सदिशाएवढा असेल (चिन्ह कुठलंही) तरच जोडणी. पहिल्या उडीसाठी: एए जोडणी गुणिले एकक मॅट्रिक्स, अधिक एबी जोडणी गुणिले सिग्मा-एक्स. दुसरीसाठी सिग्मा-एक्सच्या जागी (कोसाइन १२० × सिग्मा-एक्स + साइन १२० × सिग्मा-वाय), तिसरीसाठी हेच उणे १२० घालून. काही पेपरांत या मॅट्रिक्सना जादा फेज जोडलेली दिसते, कारण त्यांचा मूळबिंदू किंवा सबलॅटिसची मांडणी वेगळी असते. एका पेपरातले सदिश आणि दुसऱ्यातली मॅट्रिक्स असं कधीच करू नका.

तपासण्या याच क्रमाने करा:

*पहिली.* दोन्ही जोडण्या शून्य करा. गॅमा बिंदूवर शून्याला सगळ्यात जवळच्या ऊर्जा +१६४ आणि -१६४ मेव्ह, दोन्हीकडे बरोबर सहा-सहा. सहाऐवजी तीन किंवा चार आल्या तर जाळी चुकली.

*दुसरी.* जोडण्या परत चालू करा, कोन १.०५. मधल्या दोन बँडनी मोआरे के आणि के-प्राइम या दोन्ही बिंदूंवर एकमेकांना स्पर्श केलाच पाहिजे. काहीही न घालता (म्हणजे पाचव्या टप्प्यातला मास न जोडता) तिथे गॅप दिसत असेल तर वर सांगितलेली वळणाची चूक किंवा मॅट्रिक्सच्या फेजची चूक आहे. पुढे जाऊ नका. वर्तुळाची त्रिज्या वाढवल्यावर या बँडची ऊर्जा ०.१ मेव्हपेक्षा जास्त हलत असेल तर आणखी जाळीबिंदू घ्या.

*तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची.* एए जोडणी शून्य करा, कोन १.०६६ अंश. ही तार्नोपोल्स्की, क्रुचकोव्ह आणि विश्वनाथ यांनी २०१९ मध्ये मांडलेली कायरल मर्यादा. इथे दोन्ही बँड सगळ्या ब्रिलुआँ झोनभर शून्याला चिकटलेले दिसले पाहिजेत. कोन ०.०१ अंशाने इकडेतिकडे केला की रुंदी लगेच वाढायला लागते. एवढं जमलं तर मॅट्रिक्स बरोबर आहे, निश्चिंत राहा.

टप्पा ५: गॅप उघडा, त्याआधी चर्न अंक काढू नका

काहीही न घालता या दोन बँडपैकी एकट्याचा चर्न अंक अस्तित्वातच नसतो. १८० अंशांत फिरवणं आणि काळ उलटवणं यांची एकत्रित सममिती बेरी वक्रता (जिची ब्रिलुआँ झोनभरची बेरीज चर्न अंक देते ती राशी) सगळीकडे शून्य ठेवते आणि दोन्ही बँडना दोन बिंदूंवर जोडून ठेवते. तरीही कोड उत्तर देतो. ग्रिडचा जो चौकोन डिरॅक बिंदूला वेढतो त्यातला फ्लक्स (त्या चौकोनातली वक्रतेची बेरीज) बरोबर पाय (π) एवढा येतो, आणि तो अधिक पाय की उणे पाय हे संगणकाची राउंडिंगची चूक ठरवते. असे दोन चौकोन असतात. म्हणून बेरीज कधी १, कधी ०, कधी -१. ग्रिड बदललं की अंक बदलतो, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या कोडमध्ये बहुतेक वेळा हेच असतं.

(दोन्ही बँड मिळून मात्र एक खरी टोपॉलॉजी असते, तिला नाजूक टोपॉलॉजी म्हणतात. ती चर्न अंकातून दिसत नाही. त्यासाठी दोन्ही बँडचा एकत्रित विल्सन लूप काढावा लागतो, आणि त्यातल्या दोन रेषा विरुद्ध दिशांना एकेक फेरी मारतात. तो वेगळा उद्योग आहे.)

गॅप उघडण्यासाठी सिग्मा-झेड गुणिले एक मास-संख्या घाला. प्रयोगशाळेत हे काम षट्कोनी बोरॉन नायट्राइड करतं. ग्राफीन त्याच्याशी अचूक कोनात जुळलं की दोन सबलॅटिसमधली समानता मोडते. गणितांत बहुतेक एकाच थरावर १५ मेव्हच्या आसपास मास घेतात. हे सोपं रूप आहे हे लक्षात असू द्या. बोरॉन नायट्राइड आणि ग्राफीन यांचा स्वतःचाही मोआरे असतो, पूर्ण जुळल्यावर १४ नॅनोमीटरच्या आसपास, आणि इथे आपण तो सोडून दिलाय.

*तपासा:* दाट ग्रिडवर प्रत्येक बिंदूवरचा थेट गॅप काढा, वरच्या बँडशी आणि खालच्या बँडशी. सगळ्यात लहान किंमत लिहून ठेवा. फक्त गॅमा-एम-के या रेषेवर बघून थांबू नका. सर्वांत लहान गॅप त्या रेषेबाहेरही असू शकतो.

टप्पा ६: आता चर्न अंक

ग्रिडचा बिंदू म्हणजे (आय/एन) बी१ अधिक (जे/एन) बी२. आय आणि जे शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरवा, म्हणजे कापलेल्या जाळीच्या कडा दूर राहतात. २४ × २४ पासून सुरुवात करा. हर्मिटियन मॅट्रिक्ससाठी नमपायचं ‘आयग-एच’ वापरा, साधं ‘आयग’ नको, कारण ते ऊर्जा चढत्या क्रमाने लावत नाही. मॅट्रिक्सचा आकार डी असेल तर शून्यापासून मोजताना खालचा सपाट बँड (डी/२ - १) क्रमांकाचा आणि वरचा डी/२ क्रमांकाचा. आयगेनव्हेक्टर स्तंभात असतात. ओळ उचलणारे अजूनही भेटतात, आणि त्यांनाही पूर्णांकच मिळतो.

प्रत्येक चौकोनासाठी चार कोपऱ्यांचे चार आंतरगुणाकार काढा, आधी चारही एकमेकांना गुणा आणि मग एकदाच कोन घ्या. चार कोन वेगवेगळे काढून बेरीज केली तर प्रत्येकातून दोन पायचा तुकडा सटकू शकतो.

आता सीमा. इथे जास्तीत जास्त लोक चुकतात.

ग्रिडच्या उजव्या कडेचा बिंदू म्हणजे डाव्या कडेचा बिंदू अधिक बी१. भौतिकदृष्ट्या अवस्था तीच, पण आकड्यांची यादी तीच नाही. के मध्ये बी१ मिळवला की ‘के वजा जाळीबिंदू’ तसंच राहण्यासाठी जाळीबिंदूही बी१ ने सरकावा लागतो. नियम असा: नव्या व्हेक्टरचा एखाद्या जाळीबिंदूवरचा घटक = जुन्या व्हेक्टरचा ‘तो जाळीबिंदू वजा बी१’ यावरचा घटक. म्हणजे उजव्या कडेला डाव्या कडेचा व्हेक्टर जसाच्या तसा चिकटवायचा नाही, त्याचे घटक सरकवायचे. सरकवल्यावर जाळीबाहेर पडलेले घटक शून्य धरा. त्यांचं वजन अगदी नगण्य असायला हवं.

सरकवायचं विसरलात तरी पूर्णांकच येतो, त्यामुळे अंक बघून चूक पकडता येत नाही. आंतरगुणाकारांचं मान बघा. शेजारच्या दोन बिंदूंमधल्या आंतरगुणाकाराचं मान १ च्या जवळ असतं. ग्रिडच्या आत ०.९८, ०.९९ आणि कडेला एकदम ०.२ किंवा ०.०५ दिसलं, की घटक सरकवायचे राहिले किंवा उलट्या दिशेला सरकले.

दुसरी तपासणी मला फार आवडते. सीमा जोडूच नका. एन ऐवजी (एन + १) बिंदूंचं उघडं ग्रिड घ्या, प्रत्येक बिंदूवर आयगेनव्हेक्टर नव्याने काढा आणि सगळ्या चौकोनांचा फ्लक्स बेरजेला घ्या. इथे उत्तर पूर्णांक असण्याची सक्ती नाही. ०.९९९७ सारखं काही आलं तर जाळी पुरेशी मोठी आहे. ०.९३ आलं तर त्रिज्या वाढवा. पूर्णांकाची हमी नसलेल्या पद्धतीने पूर्णांकाच्या जवळ पोहोचणं हाच खरा पुरावा.

*तपासा:* एकाही चौकोनाचा फ्लक्स पायच्या जवळ नको. सगळ्यात मोठा फ्लक्स १ रेडियनच्या वर असेल तर ग्रिड दुप्पट करा. वर दिलेल्या जोडण्या वापरल्या तर मॅजिक अँगलजवळ वक्रता गॅमाभोवती गोळा होते, कारण शेजारच्या बँडशी गॅप तिथे कमी असतो. कोन मोठा आणि मास लहान असेल तर ती के आणि के-प्राइमवर टोकदार होते. नकाशा काढून डोळ्यांनी पाहा, आकड्यावर समाधान मानू नका.

टप्पा ७: उत्तर ठाऊक असलेल्या तीन परीक्षा

कायरल मर्यादेत परत जा, दोन्ही थरांवर सारखा मास घाला. सपाट बँड बरोबर +मास आणि -मास या ऊर्जांवर बसतात, कारण तिथली प्रत्येक अवस्था एकाच सबलॅटिसवर असते. एकाचा अंक १, दुसऱ्याचा -१.

मास कुठलाही असो, शेजारच्या बँडशी गॅप मिटला नसेल तोवर दोन सपाट बँडच्या अंकांची बेरीज शून्यच.

तिसरी परीक्षा: कोन १.३ अंशांवर न्या आणि खरे जोडणी-आकडे ठेवा. दोन थरांवर २ मेव्ह मास, पण विरुद्ध चिन्हांचा. दोन डिरॅक बिंदूंचं वळण एकच असल्यामुळे आता त्यांचे अर्धे-अर्धे वाटे एकमेकांना खोडतात आणि अंक ० येतो. चिन्हं सारखी केली की पुन्हा १ किंवा -१. मास बारीक असल्यामुळे इथे ६० × ६० ग्रिड लागेल. मॅजिक अँगलवर ही परीक्षा घेऊ नका. बँड इतके सपाट असताना विरुद्ध चिन्हांचा मास त्यांना वेगळं करेलच असं नाही, आणि कायरल मर्यादेत तर ते एका रेषेवर एकमेकांना छेदतात.

टप्पा ८: अंकाचा अर्थ लावताना

आलेला अंक एका व्हॅलीचा आणि एका स्पिनचा आहे. दुसऱ्या व्हॅलीत काळ-उलट सममितीमुळे चिन्ह उलटं. चारही प्रकारचे इलेक्ट्रॉन सारखे भरले तर बेरीज शून्य, हॉल प्रवाह नाही. म्हणून ‘चर्न अंक १ आला, म्हणजे पदार्थ क्वांटम हॉल दाखवेल’ असं लिहिणं चूक आहे. इलेक्ट्रॉनांमधल्या परस्परक्रियेने एखादी व्हॅली जास्त भरली पाहिजे, आणि ते आपल्या एक-कण मॉडेलमध्ये नाही.

प्रत्यक्षात तसं घडतं. स्टॅनफर्डच्या गटाने २०१९ मध्ये बोरॉन नायट्राइडशी जुळवलेल्या नमुन्यात, वरचे सपाट बँड तीन-चतुर्थांश भरलेले असताना, मोठा असाधारण हॉल परिणाम (बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राशिवायही येणारं हॉल व्होल्टेज) पाहिला. २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या गटाने तो चुंबकीय क्षेत्राशिवाय क्वांटाइझ झालेला दाखवला: हॉल रोध २५.८ किलो-ओहम, म्हणजे चर्न अंक १. आठ सपाट बँडपैकी सात भरलेले, एक रिकामा, आणि त्या एकाचा अंक शिल्लक. तुमच्या गणिताचं या आकड्याशी नातं इतकंच, पण तेवढं पक्कं आहे.

मोजलेल्या नमुन्याशी तुलना करताना घनतेचं गणित आधी जुळवा. १.०५ अंशांवर मोआरे पेशीचं क्षेत्रफळ १५६ चौरस नॅनोमीटर, त्यामुळे वरचे चारही बँड पूर्ण भरायला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे २.५६ × १०^१२ इलेक्ट्रॉन लागतात. ही घनता कोनाच्या वर्गाबरोबर बदलते, म्हणून नमुन्याचा कोन तिच्यावरूनच ठरवतात.

हाच कोड दोन द्विस्तरीय ग्राफीन एकमेकांवर वळवून ठेवलेल्या रचनेसाठी वाढवता येतो. तिथे विद्युतक्षेत्र लावून गॅप मिटवता-उघडता येतो आणि चर्न अंक उडी मारतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने २०२२ मध्ये अशाच रचनेत ही टोपॉलॉजिकल उडी बेरी वक्रतेच्या द्विध्रुवातून, अरेषीय हॉल व्होल्टेज मोजून ओळखली. तिथे बँडच्या अंकाइतकीच वक्रता कुठे साचते हेही महत्त्वाचं असतं. त्यामुळे सहाव्या टप्प्यातला वक्रतेचा नकाशा, वापरलेल्या ग्रिडसह आणि लहानात लहान गॅपच्या नोंदीसह, जपून ठेवा. कोड वाढवल्यावर पहिली तुलना त्याच्याशीच करायची आहे.